कासविंद्याची जुडी

धनेश घरतला झाडं ओळखता येत नाहीत, हे पनवेल तालुक्यात दोनच माणसांना ठाऊक नव्हतं. त्यांतला एक स्वतः धनेश. दुसरं माणूस कोण, हे कळायला ऋषिपंचमीची दुपार यावी लागली, आणि तशी दुपार वैऱ्यावरही येऊ नये.

धनेशची उमेदीची सगळी वर्षं न्हावा शेवा बंदरात माल सोडवण्यात गेली. त्या धंद्यात कंटेनर उघडून बघायची पद्धत नाही. सोबतचा कागद वाचायचा आणि आत काय आहे ते छातीठोकपणे सांगायचं. कागदावर खेळणी, की आत खेळणी. वेळेआधी निवृत्ती घेऊन तो नवीन पनवेलच्या सोसायटीत स्वस्थ बसला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्याला निसर्गाची ओढ लागली, आणि त्यानं तीच पद्धत निसर्गाला लावली. मोबाइल झाडासमोर धरायचा, पडद्यावर जे नाव उमटेल ते झाडाला द्यायचं, पुढे चालायचं. झाडं हरकत घेत नाहीत, हा त्यांचा मोठाच गुण.

दर रविवारी त्याची 'आक्रमक वनस्पती ओळख फेरी' नेऱ्याच्या बाजूला निघे. सोसायटीतली दहा-पंधरा माणसं टोप्या घालून मागं असत. धनेश पुढं. "ही घाणेरी. चौकोनी दांडा, काटे, एकाच गुच्छात दोन रंगांची फुलं. हे गाजरगवत. ही रानमोडी, पानावर त्रिशुळासारख्या तीन शिरा. सगळी बाहेरून आलेली, आणि आता आपल्यालाच बाहेर काढायला बसलेली." न्यायानं सांगायचं तर ही तीन त्याला खरोखर येत होती. बाकीची मोबाइलवर अवलंबून, आणि मोबाइल रेंजवर.

फेरीला येणाऱ्याला एक कापडी पिशवी फुकट मिळे. पिशवीवर 'परकं उपटा, आपलं जपा' असं छापलेलं, आणि खाली धनेशचा हसरा फोटो. फोटो घोषणेपेक्षा मोठा होता.

गणपतीच्या आदल्या दिवशीच्या फेरीत, नेऱ्याच्या अलीकडच्या एका उतारावर, अनुयाताईंनी एका पिवळ्या फुलांच्या झुडपापाशी थांबून विचारलं, "सर, हे कुठलं?" अनुयाताई त्याच्याच इमारतीत राहत. धनेशनं मोबाइल काढला. रेंज नव्हती. मागं सगळे थांबलेले. मग त्यानं तेच केलं जे कागद नसलेल्या कंटेनरपुढे उभं राहून कधी केलं नसतं. अंदाज केला.

"टाकळा," तो म्हणाला. "आपला अस्सल देशी. परवा ऋषिपंचमी ना? नांगरटीचं काही चालत नाही, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. मग ही बघा निसर्गानं वाढून ठेवलेली भाजी!"

"भादव्यात टाकळा?" कुणीतरी मागून पुटपुटलं.

"जरा निबर असेल. चांगला शिजवा."

आणि त्यानं स्वतःच्या हातानं एक भरघोस जुडी खुडली, पिशवीत घातली, अनुयाताईंना दिली आणि जुडीसकट स्वतःचा फोटो काढून घेतला. अनुयाताईंनी वाकून नमस्कार तेवढा केला नाही.

ऋषिपंचमीच्या सकाळी धनेश सोसायटीच्या मांडवात, गणपतीच्या उजव्या हाताला, आपलं प्रदर्शन लावत होता. सोसायटीनं त्या वर्षी देखावा म्हणून आक्रमक वनस्पतींचं प्रदर्शन मंजूर केलं होतं, कारण आधी ठरलेला धबधबा गळत होता. माहितीचे तक्ते धनेशनं एका अभ्यासकाच्या पुस्तिकेवरून टंकून घेतले होते. टंकताना वाचायची त्याला सवय नव्हती. टाचण्या मारताना मात्र नजर पडतेच.

'कासविंदा. मूळ अमेरिकेतला. ओसाड जागी व रस्त्याकडेला माजतो. टाकळ्याशी गल्लत होते. टाकळ्याच्या एका पानात छोट्या पानांच्या तीन जोड्या, टोकं गोल. कासविंद्यात चार ते सहा, टोकं अणकुचीदार. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, वाकडी. कासविंद्याची चपटी, वर तोंड केलेली. बिया विषारी. त्या खाऊन लहान मुलं दगावल्याच्या नोंदी आहेत.'

शेजारच्या 'आपली देशी झाडं' या तक्त्यावर रविवारचा फोटो त्यानं आत्ताच डकवला होता. धनेशनं मान वळवली. फोटोतला धनेश हसत होता. त्याच्या हातातल्या जुडीची पानं अणकुचीदार होती. त्यानं बोट लावून जोड्या मोजल्या. मग दुसऱ्या पानाच्या मोजल्या, कारण पहिल्यानं दिलेलं उत्तर त्याला पटलं नाही. दुसऱ्यानंही तेच दिलं. जुडीतून तीन-चार चपट्या शेंगा आकाशाकडे तोंड करून उभ्या होत्या.

हातातली टाचणी कुठं गेली ते त्याला कळलं नाही. नंतर ती तळव्यात सापडली. आज ऋषीची भाजी. अळू, माठ, भेंडी, पडवळ, सुरण, मक्याची कणसं, सगळं एका टोपात. त्या गर्दीत एक जुडी कुणाला ओळखू येणार? आणि भाजी सगळं घर खाणार, पोरंबाळं सुद्धा.

त्यानं पहिलं काम काय केलं, तर तक्त्यावरचा फोटो उपटून खिशात घातला. जीव वाचवायला तो धावला, पण आधी अब्रू वाचवून. फोन करायचंही त्याच्या मनात आलं. पण फोनवर सांगणार काय? "अनुयाताई, मी दिलेली भाजी खाऊ नका, कारण मला काही येत नाही"? त्यापेक्षा वर जावं, गोडीत पिशवी परत आणावी, झालं.

तिसऱ्या मजल्यावर अनुयाताईंनी हसत दार उघडलं. "सर! या ना. आमची ऋषीची भाजी आत्ताच झाली."

"झाली म्हणजे... केली?"

"केली, खाल्ली, सासूबाई आडव्यासुद्धा झाल्या."

धनेशनं दाराची चौकट धरली. "आडव्या? अशा सकाळी सकाळी?"

"त्यांना उपास सोसत नाही ना, म्हणून यंदा नैवेद्य लवकर."

"आणि तो... आपला टाकळा? कसा लागला?"

अनुयाताईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "अप्रतिम," त्या म्हणाल्या. "वेगळीच चव, सर. सगळ्यांनी दोनदा घेतला."

धनेशच्या डोळ्यांपुढे अख्खं कुटुंब ओळीनं निजलं. "कुणाला मळमळ? चक्कर? नाही, मी आपलं सहज विचारतोय. सासूबाई हाक मारल्यावर ओ देतात ना?"

"सर, काय झालंय?"

"काही नाही. पण ओ देतात ना?"

आता भीती अनुयाताईंच्या चेहऱ्यावर गेली. त्यांनी दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू का? रागावू नका. आम्ही नाही खाल्ला. सासूबाई म्हणाल्या, घरतांनी ओळखलेली भाजी आहे ना? मग घरात नको, दाराबाहेर ठेव. टाकून देणंही बरं दिसेना. काल संध्याकाळी ब्लाउज आणायला गेले तेव्हा कुबराभाभींना देऊन आले. ताजा वानोळा म्हणून."

धनेशला आधी हायसं वाटलं. मग अपमान वाटला. अपमान नीट वाटून व्हायच्या आत कुबराभाभींची नातवंडं आठवली आणि तो जिन्यानं धावत सुटला.

कुबराभाभी पनवेलच्या मोहल्ल्यात कपडे शिवायची. खाली नवरा अब्दुल्लाचं सुंभ-दोरखंडाचं दुकान, वर तिचं मशीन. सणाची गर्दी म्हणून गाडी लावायला जागा नव्हती. धनेशनं ती एका हातगाडीच्या पोटात घातली, तिथल्या शिव्या खाल्ल्या आणि दुकानाच्या पायरीवर पोचला तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हतं.

"आवो धनेशभाई! खैरियत?" अब्दुल्लानं स्टूल पुढे केलं. "चेहरा कसा पांढरा झालाय तुमचा. कुबरा, पानी आण गो."

"पिशवी," धनेश म्हणाला. "माझा फोटो असलेली."

कुबराभाभी पाणी घेऊन जिन्यातूनच म्हणाली, "ती हाय ना! अनुयामॅडमनं दिली. माशाल्ला, फोटो छान आलाय."

"भाजी खाल्ली का तुम्ही?"

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. अब्दुल्ला खाकरला. "ही पालकसुद्धा तीनदा निवडते, धनेशभाई. आमच्याकडे पानाला पण ओळख दाखवून आत यावं लागतं."

"रागवू नका," कुबराभाभी म्हणाली, "पन ती मॅडम ब्लाउजच्या शिलाईत दर वेळेला घासाघीस करते. ती एवढ्या खुशीनं भाजी देऊन गेली, तेवा मला शक आला. त्यात भाजी तुमी ओळखलेली."

"मग फेकली ना?" धनेश जवळजवळ आनंदानं ओरडला. "शाबास! कुठं फेकली?"

"तोबा! वानोळा कोन फेकतो? आज तुमच्या लोकांत ऋषीची भाजी. पिशवीवर फोटो तुमचा. मी म्हटलं, ज्याची त्याच्या घरी जाऊदे. पहाटे तुमचा भाऊ दूध घालायला आला, त्याच्या कॅनला अडकवून दिली. बोलले, अम्माला दे, रानातली भाजी हाय."

पाण्याचा पेला धनेशच्या हातातून सुटला.

धाकटा भाऊ बाळू गावात म्हशी पाळतो आणि पनवेलला दूध घालतो. घरी त्याची बायको रंजिता, सात वर्षांची मनस्वी, आणि आई. भामाबाय. ऋषिपंचमीला आळीतल्या बायका भामाबायकडे जमतात; पूजा, कहाणी, मग एका टोपातली भाजी सगळ्यांना. आतापर्यंत ती जुडी ज्याच्या ज्याच्या हाती गेली त्यानं ती पुढे ढकलली होती, कारण ती धनेशनं ओळखलेली होती. आता ती अशा एका घरात पोचली होती जिथं नेमक्या त्याच कारणासाठी ती चुलीवर चढणार होती. तालुक्यातलं ते दुसरं माणूस म्हणजे त्याची आई.

बाळूचा फोन बंद. रंजिताचा वाजला आणि कुणीतरी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. चौथ्या वेळी उचलला.

"काका, मी गेम खेळते. नंतर कर."

"मनस्वी! आईला दे फोन, लवकर, भाजी—"

"आई सोवळ्यात हाय. फोनला शिवत नाय." आणि फोन गेला.

मग त्यानं गावाच्या ग्रुपवर लिहायला घेतलं. 'भाजी खाऊ नका, विषारी आहे, माझी चूक झाली.' अंगठा पाठवायच्या खुणेवर नेऊन त्यानं मागं घेतला. ग्रुपमध्ये चुलते होते, मेहुणे होते, फेरीला आलेला एक नगरसेवकही होता. त्यानं शेवटचे तीन शब्द पुसले. मग 'विषारी' पुसलं. शेवटी 'भाजीबद्दल थोडं बोलायचं आहे, थांबा' एवढंच गेलं. त्याला उत्तर म्हणून जोडलेले हात आले, दोन मोदक आले, आणि एक गणपती आला, तो नाचत होता.

गावाच्या वाटेवर, सुकापूरच्या अलीकडं गाड्या तुंबल्या होत्या. एक कंटेनरवाला ट्रेलर वळण चुकून गावाच्या रस्त्यात शिरला होता आणि मागंपुढं करत सगळा रस्ता अडवून बसला होता. धनेशनं जन्मभर असल्याच डब्यांचे कागद केले. आज त्यातला एक त्याच्या आईच्या आणि त्याच्यामध्ये आडवा होता. हॉर्नवर तळहात दाबून तो बसून राहिला. ऊन डोक्यावर येत होतं. आता पूजा झाली असेल. आता कहाणी. आता टोपाखालचा जाळ ओढला असेल.

रस्ता मोकळा झाला आणि त्याला वेगळ्याच गोष्टीचं भय वाटू लागलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना त्याला कासविंदा दिसू लागला. कालपर्यंत तिथं नुसतं हिरवं होतं; आता त्या हिरव्यातून एकेक झुडूप वेगळं होऊन उभं राहत होतं. अणकुचीदार पानं, मळकट पिवळी फुलं, आणि त्या शेंगा, वर तोंड केलेल्या. मैलाच्या दगडापाशी होता. बसच्या थांब्यामागं होता. कुणाच्यातरी नव्या बंगल्याच्या फाटकाशी तर दुतर्फा होता. आणि मधूनमधून खरा टाकळासुद्धा, गोल टोकांचा, बुटका, आपला. इतका वेगळा! गाडी पळत असतानाही वेगळा दिसत होता. हा फरक रविवारी कुठं गेला होता?

घरासमोर चपलांचा ढीग पडलेला. आतून बायकांचा कलकलाट आला आणि धनेशच्या जिवात जीव आला; बोलतायत म्हणजे आहेत. तो आत शिरला. ओटीवर गणपती, समोर बायकांची पंगत, पुढ्यात केळीची पानं. पानं रिकामी होती. भिंतीच्या खुंटीवर, वडिलांच्या फोटोखाली, ती पिशवी टांगलेली. रिकामी. आईनं तिच्यावरच्या धनेशला हळदकुंकू लावलं होतं.

"ह्यो बग, आयनं आठवन काडली आनि पोर आला!" भामाबाय पळी घेऊन टोपापाशी उभी होती. पंचाहत्तरीची बाई, सकाळपासून उपाशी, पण तोंडभर हसत होती. "बस रं. आताच निवद दाखवला. तुजीच भाजी हाय."

अजूनही धनेशला वाटत होतं की सांगावं न लागता सुटता येईल. "आई, तू दमलीस. मी वाढतो," असं म्हणून त्यानं टोपाचे कान धरले. बेत असा की दोन पावलं जायचं, अडखळायचं, टोप सांडायचा. टोप निखाऱ्यावरून नुकताच उतरलेला. दोन पावलं लांब राहिली. धनेश किंचाळला, टोप जागच्या जागी बसला, आणि एक थेंबही सांडला नाही.

"वाडपी झाला गो भामे, तुजा पोर!" शेजारची शांतीकाकी पंगतीतून म्हणाली. "हात भाजून घेतले, आता आमच्या पानात काय फुका मारनार?"

बायका खदखदल्या. धनेश बोटं झटकत "भाजी जरा कच्ची वाटते, अजून तासभर..." असं काहीतरी बोलू लागला. ते कुणी ऐकलं नाही. आणि तेवढ्यात त्याला कोपऱ्यात मनस्वी दिसली.

पोरीला उपास नव्हता. नैवेद्य दाखवून झाल्यावर रंजितानं तिला आधीच वाटी भरून दिली होती. एका हातात फोन, मांडीत वाटी. वाटीच्या कडेला मक्याच्या कणसाचा एक तुकडा, दाणे कुरतडून चोखलेला. आणि दुसऱ्या हातात काळपट हिरव्या भाजीचा घास, तोंडापर्यंत गेलेला.

"खाऊ नको!" धनेश ओरडला. हा आवाज आणि ही बोली त्याच्या तोंडून कित्येक वर्षांत निघाली नव्हती. "टाक तो घास! इख हाय त्यात! इख!"

मनस्वीच्या हातून वाटी पडली.

"काय बोलतंस रं?" भामाबाय म्हणाली.

"तो टाकला नाय, आई. कासविंदा हाय."

"पन तू दिलास."

"मी चुकलो." त्याला वाटलं एवढ्यावर भागेल. आई अजून त्याच्याकडेच बघत होती, समजत नसल्यासारखी. मग त्यानं बाकीचंही बोलून टाकलं. "मला टाकला ओलखता येत नाय. मला काईच ओलखता येत नाय. मोबाइल सांगतो ते मी बोलतो. त्या दिवशी मोबाइल पन नवता."

शांतीकाकीनं पुढ्यातलं पान दोन बोटांनी लांब सारलं. "मंग पिशवीवर फोटो कनाला लावलास रं, बाला?"

भामाबाय मटकन खाली बसली. "मला टाकला कलत नाय काय?" ती हळू आवाजात म्हणाली. "जन्म गेला माजा टाकला खुडण्यात. दुसऱ्या कोनाची जुडी आसती तं पान पान बगितलं आसतं. फोटो बगितला, बोलले माज्या पोरानं पाठवलाय. मी बगितलंच नाय. काडी धरली आनि पाला वरबाडला."

"शेंगा?" धनेश तिच्यापुढे उकिडवा बसला. "आई, शेंगा घातल्यास का? नीट आठव."

"शेंगा... मला नाय आठवत."

ते ऐकून रंजितानं मनस्वीला कवेत घेऊन जो हंबरडा फोडला, त्यानं गणपतीपुढची समई हलली. बाळू गोठ्यातून धावत आला. धनेश परसात पळाला. उकिरड्यावर सकाळचा निवडलेला कचरा पडला होता. अळूच्या शिरा, पडवळाच्या बिया, कणसांच्या साली. तो भाजलेल्या हातांनी तो ढीग उपसू लागला. तळाशी त्याच्या जुडीच्या काड्या सापडल्या. बहुतेक उघड्या, एकीला चुकून राहिलेलं एक पान. आणि त्यांच्याखाली शेंगा. त्यानं एकेक उचलून पुसून मांडली. खिशातला फोटो काढून त्यातल्याशी ताडून पाहिलं. फोटोत दिसणाऱ्या सगळ्या तिथं होत्या. पण फोटोत न दिसणाऱ्या? जुडीच्या मागच्या बाजूच्या? हे कोण सांगणार?

उरलेलं पान त्यानं बोटांत चुरगाळलं. घाण वास आला. जोड्या मोजल्या, टोकं पाहिली. कासविंदा. पाठ असलेली तीन झाडं सोडली तर, मोबाइलशिवाय केलेली त्याची आयुष्यातली पहिली अचूक ओळख, आणि ती चुकावी म्हणून तो देवाला हात जोडून उभा होता.

पनवेलच्या इस्पितळात डॉक्टर तरुण होता. त्यानं काड्या उलटसुलट करून पाहिल्या. "हे नक्की तेच झाड आहे?"

"नक्की."

"कशावरून?"

धनेशनं सांगितलं. पान दाखवलं, शेंग दाखवली, टाकळ्याची कशी असते ते हवेत बोटानं काढून दाखवलं. त्याच्या रविवारच्या फेऱ्यांत इतकं नेमकं तो कधी बोलला नव्हता. श्रोत्यांत फक्त डॉक्टर, बाळू आणि एक वॉर्डबॉय होते, आणि टाळी कुणी वाजवली नाही.

"पोरीनं काय खाल्लं?"

"कणीस. भाजीतलं. चोखून." बाळू म्हणाला.

"पाला शिजलेला, बिया बहुधा नाहीत, आणि पोटात नुसता रस," डॉक्टर म्हणाला. "तरी संध्याकाळपर्यंत इथंच ठेवू. रक्त तपासू."

'बहुधा' हा शब्द धनेशनं आयुष्यात हजारदा वापरला होता. ऐकायला तो कसा लागतो, ते त्याला त्या बाकावर कळलं. मनस्वीला झोप आली, तर त्यानं तिला हलवून उठवलं. पोर चिडली. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उठवलं. "काका, मला झोपू दे ना रे!" "झोप, पण मधेमधे बोलत राहा." शेवटी परिचारिकेनं त्याला दंडाला धरून खोलीबाहेर काढलं. मग तो दाराच्या काचेतून पोरीच्या अंगावरची चादर वर-खाली होते का ते बघत राहिला. एकदा ती हलली नाही असं वाटून त्यानं दारावर डोकं आपटलं. पोर कुशीवर वळली होती.

भामाबाय बाकावर बसून होती. पंगत उठली होती, टोपातली भाजी बाळूच्या गोठ्यातल्या गड्यानं खड्डा खणून पुरली होती, आणि बायकांनी केळी आणि म्हशीचं दही खाऊन ऋषींना निभावून नेलं होतं. हिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. एकदा तिनं त्याच्या तळहातांवरचे फोड पाहिले, पदराचं टोक ओलं करून त्यावर ठेवलं, आणि पुन्हा समोर बघत बसली.

दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आला. "रक्त ठीक आहे. घाबरण्यासारखं काही दिसत नाही. घरी न्या, दोन दिवस लक्ष ठेवा, उलटी झाली तर लगेच आणा." मागून मनस्वी आईचा हात धरून आली आणि पहिलं वाक्य बोलली, "फोन कुटं हाय माजा?"

रंजिता रडली, बाळू हसला. धनेश फाटकाबाहेर गेला आणि हातगाडीवरून चार केळी घेऊन आला. एक सोललं आणि आईपुढं धरलं.

"आई, खा आता. पोटात काही नाही तुझ्या."

भामाबायनं केळं हातात घेतलं. उजेडाकडं धरलं. या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. नाकाशी नेऊन वास घेतला.

"ह्ये काय हाय?" तिनं विचारलं.

"केळं, आई."

"नक्की?"

ती थट्टा करत नव्हती. मग भामाबायनं केळं मधोमध मोडलं आणि अर्धं त्याच्या हातावर ठेवलं.

"तू खा आदी," ती म्हणाली.

धनेशनं तो तुकडा तोंडात घातला आणि चावून गिळला. आई त्याच्या तोंडाकडं बघत होती. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं आपला घास घेतला.